गेटवर ‘नाही’ म्हणताना: नव्या सुरक्षारक्षकांसाठी

नवीन भरती झालेली मुलं हमखास विचारतात, चोर आला तर काय करायचं? कळवायचं. चोराला बहुतेकदा पळायचं असतं आणि एकट्याने त्याच्यामागे धावण्यात शहाणपण नाही. मी पाहिलंय, अंगावर येतो तो बहुधा ज्याला आपण ‘आत सोडता येणार नाही’ म्हटलं तो. घाईत असलेला, प्यायलेला, किंवा चारचौघांत अडवलं म्हणून चिडलेला. नियम वरच्यांनी केलेला असतो, राग मात्र आपल्यावर निघतो.

म्हणून नाही म्हणायची रीत आधी शिका. आवाज चढवू नका. दोन हात अंतर ठेवा, जरा तिरके उभे राहा, तळवे समोरच्याला दिसू द्या. सोबत मित्रमंडळी असतील तर त्याला दोन पावलं बाजूला घ्या, पण कॅमेऱ्याच्या टप्प्यातच. बघे नसले की माघार घेणं त्याला सोपं जातं. ‘मी फोन लावून देतो, तुम्हीच बोला’ हे वाक्य माझ्या फार कामी आलंय. गाडी आणि भिंत यांच्यामध्ये सापडू नका, आणि गाडी अडवायला पुढ्यात तर उभे राहूच नका. बॅरियर तोडून गेला तर जाऊ द्या, नंबर टिपा. ओळखपत्राची दोरी ओढली की सुटणारी हवी.

रात्रपाळीची एकटी पोस्ट मिळाली तर पहिल्याच दिवशी विचारा: अलार्म दाबला तर नेमकं कोण येणार, किती वेळात? बटण असतं, पलीकडे माणूस नसतो, अशा जागा कमी नाहीत. ठरलेल्या वेळी कंट्रोल रूमने फोन करायचा आणि उत्तर आलं नाही तर माणूस पाठवायचा, एवढं तरी पक्कं करून घ्या.

‘शिव्या खाणं ड्युटीतच येतं’ असं सीनियर सांगतील. मला ते पटत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१९ च्या १९० क्रमांकाच्या करारात धमकीही हिंसेतच धरली आहे, आणि बाहेरच्या माणसाने दिलेला त्रासही विचारात घ्यायला सांगितलं आहे. रजिस्टरमध्ये वेळ, जागा आणि शब्द जसेच्या तसे लिहा. ‘वाद झाला’ एवढ्यावर कोणी काही करत नाही. फुटेज काही दिवसांत पुसलं जातं, तेव्हा ते राखून ठेवा असं त्याच दिवशी लेखी मागा.

डोक्याला मार लागला असेल तर बरं वाटत असलं तरी डॉक्टरकडे जा. उलटी, गुंगी कधीकधी काही तासांनी सुरू होते. आणि दुसऱ्या दिवशी त्याच गेटवर उभं राहायची तयारी नसेल तर पोस्ट बदलून मागा. तेही लेखी.