म्युनिकमधला पहिला रविवार? रेगेन्सबुर्गला जाऊन या

म्युनिकला नवीन आलेल्या माणसाला आठवडा जड जात नाही, रविवार जातो. दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही, भिंतीत खिळा ठोकायचीही चोरी. घरी फोन लावावा तर तिकडे सगळे जेवून आडवे झालेले. २०११ साली मी आले तेव्हा असे चार रविवार खिडकीत बसून काढले. आता कुणी नवीन आलं की मी त्यांना सांगते, सामान लावायचं राहू दे, पहिल्या मोकळ्या रविवारी डॅन्यूब नदीकाठच्या रेगेन्सबुर्ग या जुन्या गावाला जा. नॉयश्वानस्टाइनचा तो परीकथेतला पांढरा राजवाडा पुढे कधीतरी आईबाबा आल्यावर बघायचाच आहे, तीनदा तरी बघाल.

रेल्वेनं दीड तास लागतो. पाच जणांपर्यंत मिळून बायर्न-तिकीट, म्हणजे बव्हेरिया राज्यात दिवसभर चालणारं तिकीट, काढा. आधी एका माणसाचे पैसे, मग प्रत्येकी थोडी भर, त्यामुळे चार-पाच जण जमले तर फारच स्वस्त पडतं. पोचल्यावर तिथल्या शहर बसलाही तेच चालतं. ज्यांच्याकडे देशभर चालणारं मासिक डॉइचलँड-तिकीट आहे त्यांना वेगळं काही काढायला नको. दोन्ही तिकिटं फक्त प्रादेशिक गाड्यांना चालतात, आयसीई या जलद गाड्यांत चढू नका. बायर्न-तिकिटावर प्रवाशांची नावं लिहावी लागतात, तीही गाडीत बसायच्या आधी.

आणि कामाच्या दिवशी हे तिकीट सकाळी ९ नंतरच लागू होतं. शनिवार-रविवारी ही अट नाही. मी पहिल्यांदा गेले ते एका गुरुवारी रजा टाकून, आणि नऊला दहा कमी असताना सुटणाऱ्या गाडीत ऐटीत जाऊन बसले. तपासनीस आला, तिकीट पाहिलं, घड्याळ पाहिलं, आणि अगदी सौजन्यानं दंडाची पावती फाडली. ‘नवीन आहे हो’ हे इथे कारण होत नाही. नियम तिकिटावरच छापलेला होता, मी वाचला नव्हता.

दुसरी गोष्ट, काही गाड्या वाटेत दुभंगतात. पुढचे डबे एका गावाला, मागचे दुसऱ्याच. फलाटावरची पाटी नीट वाचा, डब्यावरचं नावही बघा. रुळांची कामं चालू असली की मधल्या टप्प्याला बस असते. तेव्हा आदल्या रात्री ॲपमध्ये एकदा डोकावा.

स्टेशनातून बाहेर पडून सरळ चालत राहिलात की दहा-पंधरा मिनिटांत जुनं गाव लागतं. बूट चांगले घाला, सगळीकडे दगडी फरसबंदी आहे. बाबागाडी ढकलणाऱ्यांचे खांदे भरून येतात.

मी सगळ्यांना आधी पुलावर नेते. डॅन्यूब इथे तिच्या सबंध वाटेतल्या सगळ्यात उत्तरेच्या टोकाला येऊन वळते, आणि रेगेन नावाची नदी तिला येऊन मिळते. गावाचं नाव त्या नदीवरून. जर्मनमध्ये ‘रेगेन’ म्हणजे पाऊसही, म्हणून जर्मनचा पहिला धडा शिकलेले सगळे ‘पावसाचं गाव’ म्हणून हसतात, मीही हसले होते. रोमन लोकांनी सन १७९ मध्ये इथे छावणी पक्की केली. त्यांच्या वेशीची कमान, पोर्टा प्रेटोरिया, आजही एका साध्या घराच्या भिंतीत बसवल्यासारखी उभी आहे. जवळून जाणारे शंभरातले नव्वद तिच्याकडे बघत नाहीत.

दगडी पूल ११३५ ते ११४६ या काळात बांधला. सोळा कमानी होत्या, आज पंधरा दिसतात. मी वाईची, घाटावर वाढलेली. नदी आणि जुना दगड एकत्र दिसला की पाय आपोआप थांबतात. इथे पायऱ्यांचा घाट नाही, पण कमानींखाली पाणी भोवरे करत असं घुमतं की कठड्याशी अर्धा तास सहज जातो. पुलाबद्दल दंतकथा आहे. पूल बांधणाऱ्यानं आणि कॅथीड्रल बांधणाऱ्यानं पैज लावली. पूलवाल्यानं सैतानाची मदत घेतली, मोबदला म्हणून पुलावरून आधी जाणारे जीव कबूल केले, आणि काम झाल्यावर कोंबडा, कोंबडी आणि कुत्रा पुढे सोडला. कथा गोड, पण हिशेब जुळत नाही. कॅथीड्रलचं काम सुरू झालं तेच मुळात तेराव्या शतकात, आणि त्याचे १०५ मीटरचे मनोरे पुरे झाले १८६९ साली. पैज कसली घेऊन बसलात!

जुन्या टाउन हॉलमध्ये १६६३ ते १८०६ पवित्र रोमन साम्राज्याची सभा भरत होती. एकदा बसली ती उठलीच नाही, म्हणून तिचं नावच ‘कायमची सभा’. ते दालन गाइडबरोबरच बघता येतं, तेव्हा वेळ आधी विचारून घ्या. तिथून जवळच केपलर स्ट्रासवर केपलरचं स्मारक-घर आहे. ग्रहांचे नियम मांडणारा तो केपलर १६३० मध्ये थकलेल्या पगाराचा तगादा लावायला या गावात आला, आजारी पडला आणि इथेच वारला. पुढे युद्धाच्या धामधुमीत त्याची कबरही नाहीशी झाली.

नॉयफार प्लाट्झ या चौकात पांढऱ्या काँक्रीटची उंचसखल बैठक दिसेल, मुलं तिच्यावर आइस्क्रीम खात बसलेली असतात. तो तिथे पूर्वी असलेल्या सिनेगॉगचा, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहाचा, आराखडा आहे. १५१९ मध्ये इथल्या ज्यूंना हाकलून देऊन त्यांची वस्ती पाडली. तिथे बसायला कुणाचीच ना नाही, फक्त आपण कशावर बसलोय ते माहीत असू द्या.

खाण्याचं. पुलाच्या पायथ्याशी सॉसेजचं जुनं, बुटकं घर आहे. भिंतीवर पुराच्या खुणा आहेत, आत कोळशावर बोटभर सॉसेज भाजतात, सोबत आंबट कोबी आणि गोड मोहरी. शाकाहारी माणसानं केझेश्पेट्झले (चीज घातलेल्या शेवया) किंवा ब्रेत्झेल (पिळाचा खारा पाव) मागावं आणि ‘ओने श्पेक’, म्हणजे ‘हॅम नको’, हे दोन शब्द पाठ करून जावं, कारण हॅमचे तुकडे इथे भाजीत मोडतात असा माझा अनुभव आहे. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून नेते. बव्हेरियातल्या पारंपरिक बीअर गार्डनमध्ये जिथे टेबलावर कापड नसतं, तिथे आपला डबा उघडायची रीतच आहे. पेय मात्र त्यांचंच घ्यायचं. बीअर नको तर आप्फेलशोर्ले, म्हणजे सोडा घातलेला सफरचंदाचा रस, घ्या. सुटे पैसे जवळ ठेवा, स्वच्छतागृहालाही लागतात.

सोमवार टाळा, संग्रहालयं बंद असतात. हिवाळ्यात साडेचारलाच अंधारतं आणि पुलावरचा वारा कानशिलं बधिर करतो, टोपी विसरू नका.

परतीच्या गाड्या घरून निघण्यापूर्वीच बघून ठेवा. बायर्न-तिकीट दुसऱ्या दिवशी पहाटे तीनपर्यंत चालतं, गाड्या मात्र तुमच्यासाठी तेवढा वेळ जागत नाहीत.