कांद्याची पेशीभित्तिका उलगडताना

वनस्पतीच्या पेशीभित्तिकेतले घटक वेगळे करून ओळखायचं काम पहिल्यांदाच करत असाल तर कांदा घ्या. बटाट्यापासून सुरुवात केलीत, तर स्टार्च काढता काढताच दमछाक होईल. कांद्यात तो जवळपास नसतोच.

चिरण्याआधी 80 टक्के इथेनॉल वॉटर बाथवर उकळत ठेवा, जवळपास ज्योत नको. तुकडे चिरले की थेट त्यात, म्हणजे कांद्यातली एन्झाइम थांबतात. हे मी ठेच खाऊन शिकले. एकदा चिरलेला कांदा तासभर टेबलावरच राहिला. तेवढ्यात त्यातल्याच एका एन्झाइमने पेक्टिनवरचे (पेशीभित्तिकेतल्या साखरेच्या एका साखळीवरचे) मिथिल गट काढून टाकले, मोकळ्या आम्लगटांना कॅल्शियमने बांधलं आणि सीडीटीएच्या (कॅल्शियम पकडणाऱ्या रसायनाच्या) अर्कात पेक्टिन भरभरून उतरलं. कांद्याचा म्हणून वहीत लिहिलेला तो आकडा खरं तर माझ्या उशिराचा होता!

उकळून झालं की गाळा, वाटा, पुन्हा इथेनॉल, शेवटी ॲसिटोन. पाण्यातून थेट वाळवलंत तर शिंगासारखे कडक तुकडे होतात. ॲसिटोनमधून हलकी भुकटी मिळते.

आता भुकटीतले घटक एकेक करून विरघळवायचे, मवाळ द्रावणाकडून जहालाकडे जात. आधी 50 मिलिमोलर सीडीटीए, पीएच 6.5. तो कॅल्शियम ओढून घेतो आणि त्याने धरून ठेवलेलं पेक्टिन सुटतं. घाईने गरम करू नका, मिथिल गट असलेली पेक्टिनची साखळी उष्णतेने तुटते. मग थंड सोडियम कार्बोनेट. मग 1 आणि 4 मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइड. झायलोग्लुकन (ग्लुकोजची साखळी, तिला बाजूने जोडलेला झायलोज) इथे येतं. अल्कलीत सोडियम बोरोहायड्राइड हवंच, नाहीतर साखळी टोकापासून सोलली जाते. मागे उरतो तो मुख्यतः सेल्युलोज.

साखरा मोजायच्या तर साखळ्या तोडाव्या लागतात: 2 मोलर ट्रायफ्लुरोॲसेटिक आम्ल, 121 अंश, एक तास. सेल्युलोज त्याला दाद देत नाही. त्याला आधी 72 टक्के सल्फ्युरिक आम्ल लागतं.

पण साखरांची यादी म्हणजे रचना नव्हे. कुठली साखर कुठून जोडलेली आहे, हे कळायला मिथिलेशन: साखळी अखंड असताना मोकळ्या हायड्रॉक्सिलांवर मिथिल चढवायचे, मग ती तोडायची. जिथे मिथिल बसला नाही, तिथे जोड होता. ग्लुकोजच्या 2, 3 आणि 6 क्रमांकाच्या कार्बनवर मिथिल दिसले, म्हणजे तो 4 मधून जोडलेला. (5 वलयातच अडकलेला असतो.) ही खूण सेल्युलोजचीही आणि स्टार्चचीही, तेव्हा लगेच हुरळून जाऊ नका. 4 आणि 6 दोन्हीकडून जोडलेला ग्लुकोज आणि सोबत टोकाचा झायलोज दिसला, तरच मी झायलोग्लुकन लिहिते. पेक्टिनमधलं गॅलॅक्टुरोनिक आम्ल आधी क्षपण (रिडक्शन) केल्याशिवाय या यादीत येतच नाही. आणि जोड अल्फा की बीटा, म्हणजे कोणत्या दिशेचा, हे विचारायला एनएमआरकडे (चुंबकीय क्षेत्रात रेणूची रचना तपासणाऱ्या तंत्राकडे) जावं लागतं.