रोज एक बातमी, वहीचं एक पान: टिपण कसं ठेवायचं

टेन्शन येतं म्हणून बातम्या वाचणंच सोडून द्या असा सल्ला हल्ली बरेच जण देतात, मला तो अजिबात पटत नाही. मुंबईत राहायचं आणि पाणीकपात, समुद्राची भरती, रेल्वेचा मेगाब्लॉक, कांद्याचा भाव यातलं काहीच माहीत करून घ्यायचं नाही, असं कसं चालेल? खरा त्रास होतो तो पन्नास बातम्या एकामागून एक डोळ्याखालून जातात आणि एकही लक्षात राहात नाही याचा. ठाण्याला गाडीत चढलेला माणूस दादर येईपर्यंत युद्ध, घोटाळा, क्रिकेट, कुणाचं तरी लग्न सगळं बघून मोकळा होतो आणि रात्री जेवताना मुलांनी विचारलं की आज काय झालं तर नीट दोन वाक्यं सांगता येत नाहीत. यावर मी एक वही ठेवते, आणि मला मनापासून वाटतं की घरोघरी अशी वही असावी, म्हणून ती कशी ठेवायची ते सविस्तर लिहितेय.

वही साधी, दोनशे पानी, रेघांची. मोबाईलवर लिहिलं तर चालेल का असं विचाराल तर चालेल, पण मोबाईल हातात घेतला की लिहायच्या आधी दुसऱ्या दहा गोष्टी बघणं होतं, त्यामुळे कागद बरा. आणि ही सवय आपल्याला काही नवी नाही. स्वैपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, कामवाल्या मावशींच्या सुट्ट्या आपण लिहितोच, तीच सवय बातमीपर्यंत न्यायची.

रोज एकच बातमी घ्यायची. वही उघडली की समोर दोन पानं येतात, त्यातलं उजवं बातमीचं, डावं घराचं. उजव्या पानावर आधी तारीख, मग काय झालं ते स्वतःच्या शब्दात दोन-तीन वाक्यांत, मग हे कोण म्हणतंय ते, म्हणजे पालिका, हवामान खातं, मंत्री, पोलीस, की नुसतं 'सूत्रांनी सांगितलं'. आकडा असेल तर तो कशाचा आहे आणि कधीपासून कधीपर्यंतचा आहे हे लिहायचं. मत सगळ्यात शेवटी, आणि मत नसेल तर जागा कोरी सोडायची, प्रत्येक गोष्टीवर मत असायलाच पाहिजे असं काही नाही. डाव्या पानावर या बातमीचं आपल्या घरात, इमारतीत, गाडीत, बाजारात काय दिसलं ते. 'काहीच दिसलं नाही' हेसुद्धा लिहायचं.

नुसतं असं सांगून कळत नाही म्हणून पाण्याची बातमी घेऊन दाखवते, पावसाळ्यात सुरुवात करायला याहून चांगला विषय नाही.

जुलैत कधीतरी फोटो येतो की तुळशी तलाव भरून वाहू लागला, त्याच्याही आधी पवईचा येतो, आणि फॅमिली ग्रुपवर लगेच सगळे खूश. वहीत लिहायला बसलं की मात्र आकडा शोधावा लागतो. मुंबईला पाणी देणारे तलाव सात: अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार, तुळशी. सातही काठोकाठ भरले तर १४,४७,३६३ दशलक्ष लिटर पाणी होतं, त्यात तुळशीचे फक्त ८,०४६ म्हणजे जेमतेम अर्धा टक्का, विहारचे २७,६९८ म्हणजे दोन टक्क्यांच्याही आत, आणि एकट्या भातसाचे ७,१७,०३७, जवळजवळ निम्मे. पवईचं पाणी तर प्यायला येतच नाही. म्हणजे फोटो तुळशीचा बघायचा पण वहीत आकडा भातसाचा लिहायचा, आणि भातसा आहे तिकडे शहापूर तालुक्यात, त्यामुळे दादरला छत्री उलटी होईपर्यंत पाऊस पडला तरी भातसाला पडलाय का हे वेगळं बघावं लागतं. पालिकेचा रोजचा तक्ता पावसाळ्यात पेपरात येतो, तलावानुसार, मागच्या वर्षीच्या त्याच तारखेच्या आकड्यासकट. तो आठवड्यातून एकदा उतरवला तरी पुष्कळ.

आता टक्केवारी. शहराला रोज साधारण ३,९०० ते ४,००० दशलक्ष लिटर पाणी दिलं जातं, त्यामुळे साठ्याचा एक टक्का म्हणजे साडेतीन-पावणेचार दिवसांचं पाणी. हे एकदा वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा, फार उपयोगी पडतं. 'साठा १० टक्क्यांवर' असं मोठ्या अक्षरात आलं की पटकन हिशोब होतो, साधारण महिनाभराहून थोडं जास्त. तेच १० टक्के जूनच्या मध्यावर असतील तर पाऊस दाराशी आलेला असतो, आणि मेच्या सुरुवातीला असतील तर खरंच काळजी करायची वेळ आहे. आकडा तोच असतो, तारखेमुळे त्याचा अर्थ बदलतो. वर्षभराचा हिशोब धरला जातो तो १ ऑक्टोबरच्या साठ्यावर, म्हणून त्या दिवसाचं पान चुकवायचं नाही.

डाव्या पानावर मी काय लिहिते? आमच्याकडे भांडुपला १० टक्के कपात लागली की सकाळचं पाणी नेहमीच्या वेळेच्या आधीच बारीक होतं, वरच्या मजल्यावर गीझरला धार येत नाही, वॉचमनकाका मोटर दोनदा लावतात आणि शेवटी टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून बादल्या भरून ठेवा म्हणून बेल वाजवत फिरतात. कोपऱ्यावरच्या नवीन टॉवरखाली त्याच दिवशी टँकर किती वेळा आला तेही लिहिते. असं दोन उन्हाळे लिहिलं की कळतं कपात कागदावर सगळीकडे सारखी असली तरी घरात सारखी नसते. आणि अजून एक गोष्ट, जी मला फार टोचते. भातसा आणि तानसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत त्याच तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरने पाणी द्यावं लागतं, ही बातमी दरवर्षी आतल्या पानावर छोटीशी येते. ती कापून चिकटवा. आपल्या नळाची बातमी आणि त्यांच्या हंड्याची बातमी एकमेकींसमोर आल्याशिवाय पाण्याचं पान पूर्ण होत नाही असं माझं ठाम मत आहे.

पावसाचा आकडा लिहिताना एवढं लक्षात ठेवा की हवामान खात्याचा २४ तासांचा आकडा सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा असतो, आणि मुंबईत कुलाबा आणि सांताक्रूझ अशी दोन मुख्य केंद्रं आहेत, दोन्हीचा आकडा लिहायचा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पडला आणि कुलाब्याला ७४ च्या आसपास, एकाच शहरात, एकाच दिवशी. 'मुंबईत इतका पाऊस' या वाक्याने काहीच कळत नाही हे त्यावरून समजावं. त्याच्या बाजूला भरतीची वेळ आणि उंची लिहा, साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोराचा पाऊस एकत्र आले की दादर-परळच्या सखल हिंदमाता भागात पाणी का भरतं ते आपलं आपल्याला दिसायला लागतं.

कांद्याचं पान मी थोडक्यात सांगते. नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावच्या कांदा बाजाराचा भाव बातमीत क्विंटलला असतो, शंभरने भागा की किलोचा आला. किमान, कमाल, सरासरी असे तीन भाव असतात, त्यातला सरासरी लिहायचा. बाजूला आपल्या भाजीवाल्याचा भाव, आणि कांदा कुठला होता ते, शेतकऱ्याच्या कांदाचाळीत साठवलेला उन्हाळ की नवा लाल. उन्हाळ कांदा साधारण मार्च ते मेमधे निघतो आणि पुढचे काही महिने चाळीतून येत राहतो, लाल कांदा यायला उशीर झाला की मधल्या काळात भाव चढतो, हे दिवाळीच्या सुमाराला दरवर्षी वाचायला मिळतं. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने निर्यातबंदी केली, ४ मे २०२४ ला ती उठवली पण ४० टक्के शुल्क ठेवलं, नंतर ते २० केलं आणि १ एप्रिल २०२५ पासून काढलं. अशा चार तारखा एका पानावर ओळीने लिहून बघा, आपल्याला स्वस्त कांदा हवा असतो आणि नाशिकच्या शेतकऱ्याला खर्च तरी सुटावा असं वाटत असतं, दोघांचंही बरोबर आहे हे त्या पानावर दिसतं, आणि मग कांद्यावरून कुणाशी तावातावाने भांडावंसं वाटत नाही.

आता वाचनाचं. नियम एकच ठेवा, महिन्यातून एका बातमीला एक जुनं वाचन जोडायचं. जुनं म्हणजे निदान दहा वर्षांपूर्वीचं. आजच्या बातमीवर आजचाच लेख वाचला तर तेच चार मुद्दे परत भेटतात. पाण्याच्या बातम्यांना जोडून गोविंद नारायण माडगांवकरांचं 'मुंबईचें वर्णन' जरूर वाचा, १८६३ चं पुस्तक आहे, विहारचं पाणी नळाने यायला लागून फार वर्षं झाली नव्हती त्या काळातलं. भाषा सुरुवातीला जड वाटते, दहा पानं रेटली की कान बसतो. अख्खं वाचायलाच पाहिजे असं नाही, आपल्या विषयाची पंधरा-वीस पानं वाचली, त्यातलं एक वाक्य पान नंबरसकट वहीत उतरवलं की झालं.

एखाद्या विषयाची तोंडओळख हवी असेल, म्हणजे धरण, चलनवाढ, अणुभट्टी, काहीही, तर मराठी विश्वकोश नेटवर फुकट आहे, तिथून सुरुवात करा. जुने ग्रंथ बघायला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ पासूनची संस्था, दादर पूर्वेला. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं मिळतात, तिथे विषय डोक्यात ठेवून जा, नाहीतर हात भरून येतात आणि हवं ते राहून जातं. आणि दिवाळी अंक! १९०९ ला 'मनोरंजन'ने सुरू केलेली ही रीत आपल्याकडे अजून टिकून आहे, पण आपण ते अंक नोव्हेंबरमधे घाईघाईत चाळतो. माझं म्हणणं असं की त्यातले लांबलचक रिपोर्ताज, शेती, गिरणगाव, समुद्र, शिक्षण यावरचे लेख एप्रिल-मेमधे वाचा, वाचनालयातही तेव्हा गर्दी नसते, आणि तोवर ताज्या बातमीची वाफ गेलेली असल्यामुळे कुठला लेख टिकला ते लगेच समजतं. दोन-चार वर्षांपूर्वीचे अंक रद्दीवाल्याकडे मिळतात तेही सोडू नका.

वहीची शेवटची दहा पानं वेगळी राखून ठेवा, ती 'जाहीर झालं' या बातम्यांसाठी. पूल होणार, चौकशी होणार, भरपाई देणार, अशी बातमी आली की तारीख, काय कबूल केलं आणि मुदत काय सांगितली एवढंच एका ओळीत. दर तीन महिन्यांनी ती पानं उघडायची आणि पुढे काय झालं ते शोधून समोर लिहायचं. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ लोकलमधून माणसं पडून गेली, त्यानंतर साध्या लोकललाही आपोआप बंद होणारे दरवाजे बसवायचं रेल्वेनं जाहीर केलं. ती ओळ माझ्या त्या पानांवर आहे. मी रोज त्याच मार्गावर जाते, कुर्ल्याला दारात एका पायावर उभी राहणारी, बॅग पुढे घेऊन दांडीला धरलेली मुलगी रोज दिसते, त्यामुळे ही बातमी माझ्यासाठी संपलेली नाही आणि ती ओळ मी कापणार नाही, दरवाजे बसलेले दिसेपर्यंत.

मृत्यूच्या बातम्या लिहिताना आकडा लिहून थांबू नका, पेपरात नाव, गाव, काम आलं असेल तर तेही लिहा. आणि ज्या दिवशी झेपत नाही त्या दिवशी पान सोडून द्या, दुसऱ्या दिवशी भाजीच्या भावाने सुरुवात केली तरी चालते.

व्हॉट्सॲपवर आलेला व्हिडिओ वहीत घ्यायचा नाही, तारीख आणि जागा पक्की झाल्याशिवाय तर नाहीच. पुराचे जुने व्हिडिओ दर पावसाळ्यात नव्याने फिरतात. दुकानांच्या पाट्या, बसचा रंग, मागे दिसणारा पूल बघा, सध्याचं आहे की नाही ते बऱ्याचदा तिथेच समजतं.

घरातल्यांना सामील करून घ्यायचं असेल तर डावं पान त्यांना द्या. आमच्या सासूबाई बाजाराचे भाव सांगतात, मी लिहिते, मुलगा पावसाचे आकडे उतरवतो आणि त्याला दशलक्ष म्हणजे किती शून्यं हे आता विचारावं लागत नाही. उजव्या पानावरच्या मतावर मात्र ज्याचं त्याचं नाव घाला, कारण महिन्याभराने परत वाचताना कुणाचं मत बदललं हे बघायला सगळ्यांना आवडतं, आणि बदललं तर जुनं खोडायचं नाही, खाली नवी तारीख टाकून नवं लिहायचं.

पावसाळा संपलेला असेल तर पुढच्या जूनची वाट बघत बसू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधे सुरू करत असाल तर कांदा घ्या, फेब्रुवारीच्या सुरुवातीला पालिकेचं बजेट येतं त्यातला पाण्याचा आणि रस्त्यांचा आकडा घ्या, मार्च-एप्रिलमधे तलावांचा साठा आणि टक्क्यांचे दिवस मोजायला लागा. उद्या रात्री जेवणं झाल्यावर पहिलं पान लिहायचं असेल तर उद्या सकाळी तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं आणि किती वाजता जातं, तेवढं डाव्या पानासाठी बघून ठेवा.