केमोच्या खुर्चीतून नदीकाठी: रुग्णाला व्हीआर हेडसेट कसा द्यावा

रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांपैकी ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, त्यांना विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा तीव्र वेदनाशामके कमी लागली आणि ते थोडे लवकर घरी गेले, असे त्यात आढळले. केमोच्या डे-केअर विभागात अशी खिडकी क्वचितच वाट्याला येते. तिची उणीव व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर बांधायचा आणि आपण त्या जागीच आहोत असे भासवणारे दृश्य दाखवणारा पडदा, काही अंशी भरून काढू शकतो. त्याने आजार हटत नाही. सुईची धास्ती आणि सलाईन संपण्याची वाट पाहणे मात्र थोडे सुसह्य होते.

आधी डॉक्टरांना विचारावे. फिट येणे, चक्कर, सतत मळमळ, डोळ्यांची किंवा डोक्याची नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, चेहऱ्यावरील जखम, पेसमेकर यांपैकी काहीही असल्यास त्यांच्या संमतीशिवाय हेडसेट लावू नये. औषध सुरू होताक्षणी तो लावणेही टाळावे, कारण काही केमो औषधांची रिअॅक्शन पहिल्या काही मिनिटांतच येते आणि चेहऱ्यावर उठलेली लाली हेडसेटखाली सिस्टरांना दिसत नाही. औषध सुरळीत चालू आहे, असे त्यांनी सांगितल्यावरच सुरुवात करावी.

खरी पारख लागते ती दृश्य निवडताना. ड्रोनने टिपलेली उंच कड्यांवरची भरारी विकणाऱ्याला आवडते, रुग्णाला नाही: शरीर खुर्चीत स्थिर असताना डोळ्यांना वेग जाणवला की कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा आणि नजर यांचा मेळ बसत नाही आणि मळमळ सुरू होते, केमोच्या रुग्णाला ती आधीच पुरेशी असते. म्हणून कॅमेरा एका जागी स्थिर असलेले, बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवरून घेतलेले दृश्य निवडावे. कोणते, हे रुग्णालाच विचारावे. कोकणातल्या माणसाला बर्फाच्छादित शिखरांपेक्षा ओहोटीचा किनारा आणि सुरूच्या बनातला वारा जवळचा वाटू शकतो. ज्याच्या घरात कोणी बुडून गेले असेल, त्याला तेच पाणी नकोसे होईल.

रुग्णाला मागे रेलून बसवावे, पट्टा सैल ठेवावा (केस गेलेल्या डोक्याला तो फार काचतो) आणि आवाज इतका मंद ठेवावा की सिस्टरांची हाक ऐकू येईल. पाणी समोर दिसले की पुष्कळांचा हात आपोआप पुढे जातो; तो सलाईनचा हात असेल तर नळी ओढली जाते, म्हणून तो आधीच उशीवर टेकवून ठेवावा आणि तसे सांगावे. पहिल्या वेळी पाच मिनिटे पुरेत, पुढे दहा-पंधरा. मोकळा हात वर केला की हेडसेट लगेच काढायचा, अशी खूण ठरवावी आणि नातेवाइकाने शेजारून हलू नये. काढल्यावर रुग्णाला लगेच उठू देऊ नये. नको म्हणाला तर आग्रह करू नये. त्याची खुर्ची खिडकीकडे वळवता आली तर वळवावी.

प्रत्येक रुग्णासाठी चेहऱ्याचे आवरण नवे घ्यावे आणि रुग्णालयाच्या संसर्ग-नियंत्रण नियमांनुसार यंत्र पुसावे, मात्र भिंगांना फक्त कोरडे मऊ कापड लावावे. हेडसेट उन्हात ठेवू नये, कारण भिंगांतून एकवटलेले ऊन आतला पडदा जाळते.