पहिला व्हॉल्व्ह अँप बांधताय? सर्किटच्या आधी ट्रान्सफॉर्मर ठरवा

गिटारवाल्यांच्या गप्पांत व्हॉल्व्ह अँपचा, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर (व्हॉल्व्हवर) चालणाऱ्या अँपचा विषय निघाला की आधी नावं येतात. फेंडर डिलक्स, बासमन, मार्शल, व्हॉक्स. मग कोणीतरी 45 वॉटचं सर्किट उतरवून घेतो आणि काम तिथेच अडतं. नाशकात बसून पहिला अँप बांधणाऱ्याने उलट्या टोकाने सुरुवात करावी. व्हॉल्व्ह, रेझिस्टर, कपॅसिटर कुरिअरने येतात. ट्रान्सफॉर्मर मात्र जड असतो, वाहतूक महागात पडते, आणि जुन्या अमेरिकन अँपसाठी बनवलेला 117 व्होल्ट, 60 हर्ट्झचा नग आपल्या 230 व्होल्ट, 50 हर्ट्झवर चालत नाही. त्यामुळे ज्या सर्किटचे ट्रान्सफॉर्मर इथे नीट गुंडाळून मिळतील, ते सर्किट आपलं.

आधी जिवाचं बघा

या अँपमध्ये 300 व्होल्टच्या वर डीसी खेळतो आणि प्लग काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये साठून राहतो. हात घालण्याआधी प्लग काढा, 10 किलो-ओहम 5 वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपने पहिल्या कपॅसिटरला काही सेकंद लावून ठेवा, मग मल्टिमीटरने मोजा. दोन-चार व्होल्टच उरलेत हे डोळ्यांनी बघेपर्यंत आत बोट नाही. चासी, म्हणजे अँपचा धातूचा सांगाडा, थ्री-पिनच्या अर्थिंगला पक्की जोडा. जुन्या वाड्यात राहत असाल तर घराला अर्थिंग खरोखर आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. मल्टिमीटर आजवर हातात धरला नसेल तर आधी एखादा साधा ट्रान्झिस्टर अँप बांधा. हे काम पळून जात नाही.

पायरी 1: वॉट ठरवा

इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. 5 वॉटचा अँप 50 वॉटचा केला तर कानाला तो दहापट नाही, साधारण दुप्पट मोठा वाटतो. शिवाय व्हॉल्व्हचा जो फाटका, गोड आवाज हवा असतो, तो अँप जोरात चालवला तरच निघतो. इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये 45 वॉटचा अँप तिथपर्यंत नेऊन बघा, सोसायटीचा सेक्रेटरी दाराशी येईल. घरासाठी 5 वॉट भरपूर. ढोलक-ड्रमच्या जोडीने वाजवायचं असेल तर 12 ते 18.

पायरी 2: चारांतून एक

फेंडर चॅम्प 5एफ1. पहिल्यांदाच बांधत असाल तर माझं मत सरळ यालाच. पन्नासच्या दशकातलं सर्किट, एक 12एएक्स7 (छोटा सिग्नल वाढवणारा व्हॉल्व्ह), एक 6व्ही6 (पॉवर व्हॉल्व्ह), एक 5वाय3 रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा) आणि एकच व्हॉल्यूमचं बटण. सिग्नल 12एएक्स7च्या पहिल्या अर्ध्या भागात वाढतो, व्हॉल्यूममधून दुसऱ्या अर्ध्यात जातो, तिथून 6व्ही6 आणि मग स्पीकर. बिघाड झाला तर शोधायच्या जागा मोजक्या. यात स्पीकरकडून दुसऱ्या टप्प्याकडे 22 किलो-ओहमचा एक फीडबॅक रेझिस्टर आहे, तो आउटपुटचा थोडा भाग मागे पाठवतो. अँप सुरू होताच किंचाळला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या (पॉवर व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्या मधल्या) प्रायमरीच्या, म्हणजे व्हॉल्व्हकडच्या, दोन तारा उलट लागल्यात, त्यांची अदलाबदल करा.

फेंडर डिलक्स 5ई3. दोन 6व्ही6, साधारण 12 ते 15 वॉट, फीडबॅक नाही. आवाज लवकर फाटतो, बेस थोडा सैल. ब्लूज आणि जुन्या रॉकला छान, स्वच्छ जॅझ वाजवणाऱ्याने याच्या वाटेला जाऊ नये.

साठच्या दशकातला 18 वॉटचा मार्शल. दोन ईएल84 (पॉवर व्हॉल्व्ह) आणि ईझेड81 (रेक्टिफायर). हे व्हॉल्व्ह आपल्याकडच्या जुन्या व्हॉल्व्ह रेडिओंमध्येही असायचे, भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही ते बनवले. घरात पडून असलेल्या सेटमध्ये चालता ईएल84 निघू शकतो. पण व्हॉल्व्हची नावं ‘ई’ऐवजी ‘यू’ने सुरू होत असतील, म्हणजे यूएल84, यूसीएच81 वगैरे, तर त्या सेटमध्ये बहुधा घरची वीज घेणारा मेन्स ट्रान्सफॉर्मर नसतो आणि चासीलाच थेट वीज असू शकते. त्याला हात लावू नका.

बासमन 5एफ6-ए. याच सर्किटवरून लंडनमध्ये जिम मार्शलच्या दुकानात 1962 च्या सुमारास जेटीएम45 घडला, म्हणून सगळ्यांना तो हवा असतो. व्होल्टेज सव्वाचारशेच्या आसपास, ट्रान्सफॉर्मर मोठे, चूक महाग. दुसऱ्या-तिसऱ्या अँपसाठी ठेवा.

पायरी 3: वाइंडिंगवाल्याशी बोलणी

सातपूर-अंबड एमआयडीसीमुळे वाइंडिंगचं काम करणारे आपल्याकडे शोधावे लागत नाहीत. पण त्यांचा रोजचा माल वेगळा. “व्हॉल्व्हचा ट्रान्सफॉर्मर आहे काका” म्हटलं की “स्टॅबिलायझरचा का?” असा प्रश्न येणारच. म्हणून तोंडी काही सांगू नका, कागदावर लिहून न्या. चॅम्पसाठी मेन्स ट्रान्सफॉर्मर असा लिहा: प्रायमरी (वीज आत घेणारं वाइंडिंग) 230 व्होल्ट, शिवाय 245 चा टॅप (वेगळी काढलेली तार). सेकंडरी (वीज बाहेर देणारं वाइंडिंग) 300-0-300, 80 मिलीअँपिअर, 6.3 व्होल्ट 2 अँपिअर, मधल्या टॅपसह. 5 व्होल्ट 2 अँपिअर. 245 चा टॅप चैनीचा नाही. घरचा व्होल्टेज सकाळी आणि रात्री मोजून बघा. तो चढला की व्हॉल्व्ह तापवणाऱ्या फिलामेंटचा व्होल्टेजही चढतो, आणि 6.3 ला दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक व्हॉल्व्हला मानवत नाही.

खरी गोम आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये आहे. चॅम्पमध्ये एकच पॉवर व्हॉल्व्ह, त्यामुळे त्याचा सुमारे 40 मिलीअँपिअर डीसी सतत प्रायमरीतून वाहतो आणि कोअर, म्हणजे लोखंडी गाभा, चुंबकत्वाने भरून जातो. यासाठी कोअरच्या इंग्रजी ‘E’ आकाराच्या सगळ्या पट्ट्या एका बाजूने, ‘I’ आकाराच्या सगळ्या दुसऱ्या बाजूने, आणि मध्ये पातळ कागद ठेवून गॅप सोडावा लागतो. वाइंडिंगवाल्याच्या हाताला पट्ट्या आलटून-पालटून भरायची सवय असते. तशा भरल्या तर बेस मरतो. त्यामुळे भरताना समोर उभे राहा. 5 किलो-ओहमवरून 8 ओहमवर यायचं तर वेढ्यांचं गुणोत्तर 25 ला 1. डिलक्स किंवा 18 वॉटच्या मार्शलमध्ये दोन व्हॉल्व्ह ताण वाटून घेतात. तिथे पट्ट्या नेहमीसारख्या आलटून-पालटूनच.

पायरी 4: उरलेला माल

सोल्डर, वायर, बटणं एमजी रोडला मिळून जातील. 450-500 व्होल्टचे कपॅसिटर आणि व्हॉल्व्हचे सॉकेट नाही मिळाले तर सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठा. रेक्टिफायरनंतरचा पहिला कपॅसिटर मूळ सर्किटमध्ये 16 मायक्रोफॅरडचा आहे. घरघर कमी व्हावी म्हणून तिथे 100 चा ठोकू नका, 5वाय3 ला तेवढा सोसत नाही. 22 वर थांबा आणि पुढचे वाढवा.

पहिल्यांदा वीज देताना रेडिओ मेकॅनिकसारखा सिरीज बोर्ड वापरा, म्हणजे विजेच्या वाटेत अँपच्या आधी जोडलेला 60 वॉटचा जुना पिवळा बल्ब. एलईडी इथे कामाचा नाही. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक, लख्ख पेटलेलाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, ताबडतोब बंद करा. आणि स्पीकर न जोडता अँप कधीच चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

स्पीकर मूळ चॅम्पमध्ये 8 इंची होता. मी 12 इंची घ्या म्हणेन, तो बहुधा जास्त संवेदनशील असतो, आणि संवेदनशीलता 3 डेसिबलने जास्त असलेला स्पीकर म्हणजे वॉट दुप्पट केल्यासारखंच. मात्र तो वाइंडिंगवाल्याकडे जाण्याआधी घ्या, म्हणजे त्याचे ओहम बघूनच सेकंडरीचा आकडा कागदावर लिहिता येईल.