फ्रेंच राज्यक्रांती वर्गात मतदानानं कशी शिकवावी

नागपूरच्या शाळांत नववीच्या मुलांना फ्रेंच राज्यक्रांतीची कारणं पाठ होतात, पण त्यामागचा लोकांचा राग कळत नाही. त्यासाठी मतदान घ्या.

40 मुलं घ्या: 10 पाद्री, 10 सरदार, 20 तिसरा वर्ग, म्हणजे बाकीची सामान्य जनता. मे 1789 मध्ये व्हर्सायला भरलेल्या एस्टेट्स जनरलमध्ये, म्हणजे फ्रान्सच्या या तीन वर्गांच्या सभेत, प्रतिनिधी साधारण याच प्रमाणात होते, 300, 300 आणि 600. 1614 नंतर ही सभा पहिल्यांदाच भरली, कारण तिजोरी रिकामी होती. निम्म्याच्या आसपास महसूल कर्जफेडीत जात होता. (तेव्हा नागपूरच्या गादीवर दुसरे रघूजी भोसले होते, हेही सांगा. काळ लगेच डोळ्यांसमोर येतो.)

आधी तिसऱ्या वर्गातल्या एकाला सोललेलं संत्रं द्या. एक फोड चर्चला, एक राजाला, एक मिठाच्या करात, एक जमीनदाराला. 1788 च्या गारपिटीनं पीक गेलं, पाव महागला, म्हणून आणखी दोन काढा. उरलेल्यावर घर चालवायचं.

आता ठराव: जन्मानं मिळालेल्या सवलती रद्द. दर वर्गाला एक मत दिलं की 2 विरुद्ध 1, ठराव पडतो. मग माणशी एक मत द्या. इथे हमखास 20-20 होऊन खेळ अडकतो, कारण सगळे पाद्री श्रीमंत धरलेले असतात. प्रत्यक्षात त्यांच्या प्रतिनिधींत दोन तृतीयांशांहून जास्त साधे गावचे पाद्री होते. म्हणून 10 पैकी 7 चिठ्ठ्यांवर तसं आधीच लिहा. त्यांतले बरेच फुटतात.

राणी मारी आंत्वानेतच्या तोंडी ‘पाव नसेल तर केक खा’ मात्र घालू नका. ती तसं बोलल्याचा पुरावा नाही.