वैद्यकीय साहित्याच्या बॅगांचे सीमाशुल्क वर्गीकरण : या चुका टाळा

वैद्यकीय साहित्य नेण्याच्या बॅगा आणि पेट्या आयात करणाऱ्यांची कागदपत्रे पाहताना मला वर्षानुवर्षे त्याच चुका दिसत आल्या आहेत, आणि त्यांपैकी सर्वांत महाग चूक ‘मेडिकल’ या एका शब्दापायी होते. इन्व्हॉइसवर ‘मेडिकल बॅग’ असे दिसले की नवखा माणूस तडक टॅरिफच्या, म्हणजे मालाच्या शुल्कयादीच्या, नव्वदाव्या प्रकरणात शिरतो आणि वैद्यकीय उपकरणांचे शीर्षक ९०१८ लावून मोकळा होतो.

ही चूक माझ्याही हातून झाली आहे. एका आयातदाराने रुग्णवाहिकेतील कर्मचाऱ्यांसाठी नायलॉनच्या पाठपिशव्या मागवल्या होत्या. आत रंगीत कप्पे, इंजेक्शनच्या कुप्या अडकवण्यासाठी इलॅस्टिकचे पट्टे, बाहेर चमकणारी पट्टी असा सगळा थाट होता, पण पिशव्या रिकाम्या होत्या. त्याने ९०१८ लिहून आणले आणि मी घाईत, नमुना न पाहता, तो कागद पुढे सरकवला. तपासणीच्या वेळी अधिकाऱ्याने एक पिशवी उघडून टेबलावर उलटी धरली आणि ‘यातले उपकरण दाखवा’ एवढेच म्हटले. दाखवायला काही नव्हते. माल अडकला, डेमरेज, म्हणजे माल वेळेत न उचलल्याचा आकार, चढत गेले आणि शुल्काचा फरक व्याजासह भरावा लागला.

पिशवी हे उपकरणाचे उपसाधनच आहे, हा युक्तिवाद मी तेव्हा करून पाहिला होता. आज तो कोणी करू लागला की मी पेट्या-पिशव्यांचे शीर्षक ४२०२ वाचायला देतो. कॅमेरा आणि दुर्बीण नव्वदाव्या प्रकरणातच येतात, तरी त्यांच्या पेट्यांची नावे ४२०२ मध्ये स्पष्ट लिहिलेली आहेत. मग औषधांच्या रिकाम्या पिशवीने उपकरणांच्या पंक्तीत बसण्याचा हट्ट कशाच्या जोरावर धरायचा?

मात्र ४२०२ गाठले म्हणजे काम संपले, असे समजणारेही फसतात, कारण या शीर्षकाच्या मधोमध एक अर्धविराम आहे आणि बहुतेक जण त्यावरून न थांबता पुढे जातात. अर्धविरामापूर्वीच्या ट्रंका, सुटकेस, ब्रीफकेस, कॅमेऱ्याच्या व वाद्यांच्या पेट्या आणि तत्सम वस्तू कोणत्याही पदार्थाच्या असू शकतात. त्यानंतरच्या प्रवासी पिशव्या, पाठपिशव्या, हत्यारांच्या पिशव्या आणि तत्सम वस्तूंना मात्र चामडे, प्लास्टिकचे पत्रे, कापड, व्हल्कनाइज्ड फायबर किंवा पुठ्ठा यांचेच बनलेले किंवा बहुतांशी त्यांनी अगर कागदाने मढवलेले असावे लागते. म्हणून वरून कापडाने मढवलेली कडक फोमची पेटी दुसऱ्या भागात सहज बसते. साच्यात ओतलेली उघडी प्लास्टिकची पेटी मात्र तिथे बसत नाही, आणि ती पहिल्या भागातील वस्तूंसारखीही नसेल तर तिला प्लास्टिकच्या एकोणचाळिसाव्या प्रकरणात जावे लागते.

‘तत्सम’ म्हणजे काय, हा वाद न्यायालयांपर्यंत गेलेला आहे. मोटारीच्या डिकीत सामान लावून ठेवण्याच्या टोट्स कंपनीच्या पिशव्यांच्या खटल्यात अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने १९९५ मध्ये वस्तू नीट लावणे, साठवणे, जपणे आणि वाहून नेणे हे या शीर्षकातील वस्तूंचे समान गुण मानून त्या पिशव्या ४२०२ मध्येच ठेवल्या. त्याच न्यायालयाने १९९७ मध्ये खाद्यपेये थंड ठेवणाऱ्या मऊ पिशव्या मात्र ४२०२ बाहेर काढल्या होत्या; पुढे टॅरिफच्या आंतरराष्ट्रीय नामावलीच्या २००२ च्या सुधारणेत अशा उष्णतारोधक पिशव्या शीर्षकातच नावानिशी आल्या. लस नेण्याच्या मऊ थंड पिशवीसाठी तो जुना निकाल पुढे करणाऱ्याने निकालाची तारीख आधी पाहावी.

दुसरी चूक टॅरिफचा अर्थ लावण्याच्या सर्वसाधारण नियमांपैकी नियम ५(अ) अर्धवट वाचल्याने होते. विशिष्ट वस्तूसाठी घडवलेली, दीर्घकाळ टिकणारी, त्या वस्तूसोबतच सादर झालेली आणि एरवीही तिच्यासोबत विकली जाणारी पेटी त्या वस्तूच्याच शीर्षकात जाते, एवढे सर्वांना पाठ असते. पण एका मालात रक्तशर्करा मोजण्याची ५०० यंत्रे आणि ८०० पेट्या होत्या, आणि आयातदाराने साऱ्या पेट्या यंत्रांच्या शीर्षकात घातल्या. वरच्या ३०० पेट्यांना सोबत करणारे यंत्रच नव्हते. त्या सुट्या होत्या आणि त्यांची जागा ४२०२ मध्ये होती. तेव्हापासून मी पॅकिंग लिस्टमधील दोन्ही आकडे शेजारी लिहून वजाबाकी करतो.

उरलेल्या चुका थोडक्यात सांगतो. ३००६.५० हे उपशीर्षक प्रथमोपचाराच्या साहित्याने भरलेल्या पेटीसाठी आहे; पेटीवर लाल किंवा हिरवी फुली छापल्याने रिकामी पेटी त्यात जात नाही. पुरवठादाराने दिलेला कोड उतरवून घेणे हा आळस आहे, कारण पहिल्या सहा अंकांपुढचे अंक प्रत्येक देशाचे वेगळे असतात आणि पहिले सहा त्याने बरोबर लावले असतील याचीही हमी नसते. बाह्य पृष्ठभाग चामड्याचा, प्लास्टिकचा की कापडाचा, हे माहितीपत्रकावरून ठरवू नये. मी पिशवी उजेडात धरतो, अस्तर उलटून पाहतो आणि तिचे वर्णन दोन वाक्यांत लिहून झाल्यावरच टॅरिफ उघडतो. घाईच्या लोकांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. त्यांच्याकडे तपासणीनंतर उत्तरे लिहायला मात्र आठवडा असतो. एवढे करूनही शंका उरली, तर माल जहाजावर चढण्यापूर्वी नमुना जोडून सीमाशुल्क खात्याकडे आगाऊ निर्णयासाठी अर्ज करावा.